माळ्यावरच्या व्हिडिओ गेमसाठी स्वतः खेळ लिहिणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या कित्येक घरांच्या माळ्यावर, पितळेच्या भांड्यांच्या आणि जुन्या पाटांच्या मागे, १९९० च्या दशकातला एखादा व्हिडिओ गेम अजून पडून असतो. त्या यंत्रासाठी आज नवा खेळ लिहिता येतो हे कळल्यावर लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. जी कामे मी स्वतः करून पाहिली आहेत त्यांच्याविषयी अधिक लिहिले आहे.

हे नेमके कोणते यंत्र?

निन्टेंडो कंपनीने जुलै १९८३ मध्ये जपानात ‘फॅमिकॉम’ हे यंत्र विक्रीस आणले आणि १९८५ मध्ये तेच यंत्र वेगळ्या रूपात अमेरिकेत ‘एनईएस’ या नावाने गेले. आपल्याकडे मात्र समुराई, लिटल मास्टर अशा निरनिराळ्या नावांनी विकली गेलेली, त्याच रचनेवर चालणारी यंत्रे पोहोचली. घरात त्याला कोणी फॅमिकॉम म्हटले नाही. ते यंत्र म्हणजे ‘व्हिडिओ गेम’ आणि त्यात खुपसायची ती ‘कॅसेट’, म्हणून येथेही कॅसेट हाच शब्द ठेवला आहे. या कॅसेटला साधारणतः ६० पिना असतात, तर अमेरिकी एनईएसच्या कॅसेटला ७२ असतात. त्या अमेरिकी यंत्रात परक्या कॅसेटला अटकाव करणारी एक चिप होती. आपल्याकडच्या यंत्रांत ती नाही, आणि घरी खेळ लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे.

माळ्यावरचे यंत्र सुरूच होत नाही. ते टाकून द्यावे का?

लगेच टाकू नये. किनाऱ्यापासून दोन-चार किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या बाबतीत दोष बहुतेक वेळा चिपमध्ये नसून पिनांवर असतो. खारी हवा आणि चार महिन्यांची ओल यांमुळे कॅसेटच्या तांब्याच्या पट्ट्यांवर काळपट किंवा हिरवट थर बसतो आणि यंत्राला कॅसेट वाचता येत नाही. लहानपणी आपण सगळेच कॅसेटमध्ये फुंकर मारत होतो आणि ती चालूही होत असे, परंतु काम होत असे ते कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. श्वासातल्या बाष्पाने पट्ट्या आणखी गंजतच होत्या. पट्ट्यांवरून पांढरे खोडरबर हलक्या हाताने फिरवावे, चुरा झटकावा, मग कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसावे आणि पूर्ण सुकल्यावरच कॅसेट यंत्रात घालावी. नंतर ती घट्ट झाकणाच्या डब्यात, नव्या चपलांच्या खोक्यात मिळणाऱ्या ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावी.

अ‍ॅडॉप्टर बदलताना यंत्रावर छापलेले व्होल्ट आणि पिनेच्या मधल्या टोकाची धन-ऋण खूण वाचल्याशिवाय जोडणी करू नये, कारण खूण उलटी पडली तर यंत्र कायमचे जाऊ शकते.

सुरुवात याच यंत्रापासून करावी की दुसऱ्या?

घरात जे आहे त्यापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लिहिलेला खेळ स्वतःच्या ओटीवरच्या टीव्हीवर दिसणे ही या छंदातली निम्मी गंमत आहे. ज्यांना प्रोग्रामिंगचा अजिबात गंध नाही अशा शाळकरी मुलांसाठी गेम बॉय हे १९८९ चे हातातले यंत्र सोपे पडते, कारण त्यासाठी ‘जीबी स्टुडिओ’ नावाचे मोफत साधन आहे, ज्यात चित्रे मांडून आणि घटना जोडून, कोड न लिहिताही खेळ उभा राहतो. अटारी २६०० च्या वाटेला मात्र प्रथमच जाऊ नये. १९७७ च्या त्या यंत्रात फक्त १२८ बाइट रॅम आहे आणि पडद्यावरची प्रत्येक ओळ उमटत असताना तिचा मजकूर प्रोग्रामलाच वेळेवर पुरवावा लागतो.

संगणक कसा लागतो?

कोणताही चालेल, दहा-बारा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपसुद्धा. सर्व साधने मोफत आहेत आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात, म्हणून मोबाईलची रेंज शोधत सड्यावर जावे लागणाऱ्या वाडीतही काम अडत नाही. फक्त ‘नेसडेव्ह विकी’ या संदर्भस्थळाची लागणारी पाने आधी साठवून ठेवावीत.

कोणती भाषा शिकावी लागेल?

दोन मार्ग आहेत. पहिला सी भाषेचा. ‘सीसी६५’ हा मोफत कंपायलर सीमध्ये लिहिलेला प्रोग्राम या यंत्राच्या भाषेत उतरवतो. दुसरा मार्ग थेट असेम्ब्लीचा, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना एकेक करून लिहिण्याचा, ज्यासाठी त्याच संचातला ‘सीए६५’ वापरता येतो. असेम्ब्लीचे नाव ऐकून लोक दचकतात, परंतु या यंत्राचा प्रोसेसर ज्या ६५०२ या १९७५ च्या चिपवर बेतलेला आहे, तिच्या सूचना अवघ्या ५६ आहेत आणि मुख्य रजिस्टरे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या आकडे धरून ठेवण्याच्या जागा, तीनच आहेत : ए, एक्स आणि वाय. पंधरवड्यात हे सगळे हाताखालून जाते. सीमध्ये सुरुवात केलेल्यालाही खेळ संथ पडू लागला की असेम्ब्लीकडे यावेच लागते, म्हणून मी पहिल्यापासूनच असेम्ब्ली सुचवतो. ज्याला आठ दिवसांत काहीतरी हलताना पाहायचेच आहे त्याने खुशाल सी घ्यावी.

गणित किती यावे लागते?

बेरीज, वजाबाकी आणि द्विमान व षोडशमान पद्धतींत संख्या लिहिणे, एवढे पुरते. एका बाइटमध्ये २५५ पेक्षा मोठी संख्या मावत नाही आणि ६५०२ मध्ये असलेली दशमान बेरजेची सोय या यंत्राच्या प्रोसेसरात बंद केलेली आहे. त्यामुळे गुण मोजताना एकक, दशक, शतक यांसाठी प्रत्येकी एक बाइट ठेवून हातचा आपणच पुढे न्यायचा, जसा तिसरीत पाटीवर नेत होतो.

पडद्यावर चित्र येते कसे?

पडदा २५६ ठिपके रुंद आणि २४० ठिपके उंच असतो, परंतु त्यातला हवा तो ठिपका थेट रंगवता येत नाही. चित्र ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या फरश्यांचे बनते. एका वेळी पार्श्वभूमीसाठी २५६ फरश्यांचा एक संच उपलब्ध असतो आणि एका पडद्यावर आडव्या ३२ व उभ्या ३० फरश्या बसतात. कोणत्या जागी कोणती फरशी, हे सांगणारा तक्ता ९६० बाइटांचा असतो, आणि कोणत्या भागाला कोणता रंगसंच, हे सांगणारे आणखी ६४ बाइट त्याच्या शेवटी असतात.

गोची या ६४ बाइटांत आहे. रंगसंच एकेका फरशीला निवडता येत नाही, तो १६ गुणिले १६ ठिपक्यांच्या चौकोनाला, म्हणजे चार फरश्यांना मिळून एकच लागतो. एका संचात तीन रंग अधिक सर्वांना सामाईक असा एक पार्श्वरंग, आणि पार्श्वभूमीसाठी असे संच फक्त चार. जांभ्या दगडाचा लालसर गडगा आणि त्याला टेकलेली हिरवी केळ एकाच चौकोनात आली की दोघांचे रंग त्या तिनांतच बसवावे लागतात. नवखा माणूस सुंदर चित्र काढून आणतो आणि ते यंत्रात घातल्यावर माडाचे खोड निळे झालेले पाहून हिरमुसतो. चौकटीच्या वहीवर दोन-दोन चौकटींचे गट आधी आखून, गडग्याची कड त्या रेषेवरच येईल असे चित्र मांडले की हा त्रास टळतो.

माझ्या खेळातले मासे ओळीत आले की लुकलुकतात किंवा गायब होतात. काय चुकते?

तुमचे काही चुकत नाही, ही यंत्राची मर्यादा आहे. हलणाऱ्या वस्तू ‘स्प्राइट’ या वेगळ्या तुकड्यांनी बनतात. असे तुकडे एका वेळी ६४ असू शकतात, पण पडद्याच्या एका आडव्या रेषेवर त्यांपैकी आठच उमटतात. एक बांगडा १६ ठिपके लांब आणि ८ ठिपके उंच काढला तर त्याला दोन स्प्राइट लागतात. चार बांगडे एका रेषेत आले की आठांचा कोटा संपला, आणि त्याच उंचीवर आलेला पाचवा बांगडा किंवा तुमचा गळ पडद्यावर दिसतच नाही. कोणाला जागा मिळेल हे स्प्राइटांच्या यादीतल्या क्रमावर ठरते.

यावर तीन उपाय आहेत. प्रत्येक चौकटीला, म्हणजे टीव्हीवर एकामागून एक उमटणाऱ्या प्रत्येक पूर्ण चित्राला, यादीचा क्रम फिरवत राहावे, म्हणजे एकच मासा कायमचा नाहीसा होण्याऐवजी सगळे थोडेथोडे लुकलुकतात. जुन्या खेळांत दिसणारे लुकलुकणे बहुतांशी हेच होते. किंवा माशांच्या उंचीत मुद्दाम फरक ठेवावा, थवा तिरका पोहू द्यावा. किंवा दूरवरचा, नुसता शोभेचा थवा पार्श्वभूमीच्या फरश्यांतच काढावा. मला तिरका थवा सर्वांत आवडतो, कारण तो पाण्यातही तसाच दिसतो.

संपूर्ण पडदा एकदम बदलायला गेलो तर कचरा दिसतो. का?

टीव्हीवर चित्र उमटत असताना चित्रचिपच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या चिपच्या, स्मृतीला हात लावता येत नाही. एक चौकट संपून दुसरी सुरू होण्यापूर्वी जी उसंत मिळते तिच्यातच लिहावे लागते. अमेरिकी-जपानी यंत्रात ही उसंत २० रेषांची, म्हणजे प्रोसेसरच्या सुमारे २२७० ठोक्यांची असते. त्यातले ५१३ ठोके स्प्राइटांची यादी पोहोचवण्यात जातात. उरलेल्या सुमारे १७५० ठोक्यांत, साध्या फेऱ्याने (लूपने) एक बाइट लिहायला पंधराएक ठोके धरले, तर शंभर-सव्वाशे बाइट लिहून होतात. पडद्याचा तक्ता १०२४ बाइटांचा. तेव्हा संपूर्ण पडदा बदलायचा असेल तर चित्रण काही क्षण बंद करावे, सगळे लिहावे आणि पुन्हा सुरू करावे. खेळ चालू असताना मात्र एका वेळी एखादा स्तंभ किंवा एखादी ओळ, एवढेच बदलावे.

एमुलेटरवर (संगणकावर त्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) खेळ उत्तम चालतो, खऱ्या यंत्रावर चालत नाही. असे का होते?

हा प्रश्न मलाही पडला होता. माझा पहिला खेळ एमुलेटरवर महिनाभर बिनचूक चालला. गणपतीला आलेल्या मंडळींसमोर तो खऱ्या यंत्रावर लावला, तेव्हा गुणांच्या जागी शून्ये येण्याऐवजी झावळीचा तुकडा, शिडाचे टोक आणि एक अर्धा ‘क्ष’ अशी ओळ उमटली, आणि होडी तर पडद्यावर नव्हतीच. कारण साधे होते. मी वापरत असलेला एमुलेटर सुरुवातीला सगळी रॅम शून्याने भरून देत होता. खरे यंत्र तसे काही करत नाही, बटण दाबल्यावर त्या २ किलोबाइट रॅममध्ये जे काही असेल ते असते. गुणांच्या बाइटमध्ये शून्य ठेवण्याची आज्ञा मी लिहिलीच नव्हती, त्यामुळे तेथे जो आकडा होता त्या क्रमांकाची फरशी पडद्यावर आली.

तेव्हापासून प्रोग्रामच्या आरंभीच सगळी रॅम पुसतो. त्याशिवाय, यंत्र सुरू झाल्यावर चित्रचिप स्थिर होण्यासाठी किमान दोन चौकटी थांबावे लागते, हेही कित्येक जण विसरतात. ‘मेसेन’ या एमुलेटरमध्ये रॅम मुद्दाम वेड्यावाकड्या आकड्यांनी भरण्याची सोय आहे, ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवावी. एमुलेटर हा सरावाचा मांडव आहे, प्रयोग खऱ्या यंत्रावरच होतो, म्हणून दर आठवड्याला एकदा तरी खेळ त्यावर लावून पाहावा.

खऱ्या यंत्रावर खेळ आणि संगीत दोन्ही संथ वाटतात. यंत्र बिघडले आहे का?

नाही. जपान-अमेरिकेत टीव्ही सेकंदाला सुमारे ६० चौकटी दाखवत, आपल्याकडची पाल पद्धत ५०. येथे विकलेली यंत्रे बहुधा ५० चौकटींची आहेत आणि बहुतेक खेळांत वेळ चौकटींवर मोजला जातो. दर चौकटीला एक ठिपका सरकणारी होडी ६० च्या यंत्रावर २५६ ठिपक्यांचा पडदा सव्वाचार सेकंदांत ओलांडते, तर ५० च्या यंत्रावर तिला पाच सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. उपाय म्हणून वेग अपूर्णांकात ठेवावा, म्हणजे जागेसाठी दोन बाइट घ्यावेत, एक पूर्ण ठिपक्यांचा आणि दुसरा ठिपक्याच्या २५६ व्या भागांचा, आणि ५० च्या यंत्रासाठी सहापंचमांश पट वेग द्यावा.

आणखी एक बारकावा. युरोपातल्या अस्सल पाल यंत्रात दोन चौकटींमधली उसंत ७० रेषांची असते. आपल्याकडच्या नकली यंत्रांत मात्र चौकटी ५० च असल्या तरी लिहिण्याची सूचना उशिरा मिळते आणि वेळ २० रेषांइतकाच उरतो, असे अनेकदा असते. एमुलेटरमध्ये हा प्रकार ‘डेंडी’ या नावाने निवडता येतो. रशियात विकल्या गेलेल्या अशाच एका नकली यंत्राचे ते नाव आहे. कोकणातल्या माळ्यावरचे यंत्र आणि रशियातले ते यंत्र सख्खे चुलतभाऊ निघावेत याची मला अजूनही मौज वाटते.

खेळात मराठी अक्षरे दाखवता येतील का?

येतील, परंतु रोमन लिपीसारखी एका फरशीत एक अक्षर अशी नाहीत. ८ ठिपके उंचीत शिरोरेखा, अक्षर, वर वेलांटी किंवा मात्रा आणि खाली उकार हे सगळे कोंबले तर वाचता येत नाही. उंची १६ ठिपके, म्हणजे दोन फरश्या घ्यावी लागते. वरचे चार ठिपके वेलांटी-मात्रा-अनुस्वारासाठी, पाचवा शिरोरेखेसाठी, पुढचे आठ अक्षरासाठी आणि शेवटचे तीन उकारासाठी, ही वाटणी मला सोयीची पडली.

दुसरी अडचण रुंदीची. काना तीन ठिपक्यांत मावतो, ‘ण’ला नऊ लागतात. प्रत्येकाला सारखीच जागा दिली तर शब्द दात पडल्यासारखा दिसतो. म्हणून अक्षरांऐवजी पूर्ण शब्दाचे चित्र काढावे आणि मग ते फरश्यांत कापावे. ‘मालवण’ घ्या : म ८, काना ३, ल ९, व ७, ण ९, एकूण ३६ ठिपके. आठाने कापले की पाच स्तंभ, दोन ओळी, म्हणजे दहा फरश्या. प्रत्येक फरशी १६ बाइटांची, तेव्हा एका शब्दाला १६० बाइट लागले. २५६ फरश्यांच्या संचात असे पंचवीस शब्द घेतले तर होडी, माड, समुद्र यांच्यासाठी काहीच उरत नाही. त्यामुळे खेळात कोणते दहा-बारा शब्द हवेत ते आधी ठरवावे, आणि केवळ शिरोरेखा असलेल्या वरच्या फरश्या एकच ठेवून सर्व शब्दांत वापराव्यात. आकड्यांना शिरोरेखाही नाही आणि मात्राही नाहीत, ०पासून ९पर्यंतचे देवनागरी अंक एकेका फरशीत छान बसतात.

दशावताराचे संगीत घालता येईल का?

यंत्राला ध्वनीच्या पाच वाहिन्या आहेत : दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक खरखरीची आणि एक ध्वनिमुद्रित नमुने वाजवणारी. पायपेटीचा सूर चौकोनी लहरीवर बरा उठतो. त्रिकोणी लहरीचा स्वर झपकन खाली ओढला की मृदंगाच्या थापेच्या जवळ जातो, मात्र त्या वाहिनीचा आवाज कमी-जास्त करता येत नाही, ती एकतर वाजते किंवा गप्प बसते. झांज खरखरीच्या वाहिनीवर. ‘फॅमिस्टुडिओ’ हे मोफत साधन यासाठी पुरेसे आहे.

स्वतःची कॅसेट कशी बनवायची?

सर्वांत साध्या रचनेच्या कॅसेटमध्ये दोन चिपा असतात, ३२ किलोबाइटची प्रोग्रामची आणि ८ किलोबाइटची चित्रांची. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ या ४० किलोबाइटांतच मावलेला आहे, तेव्हा पहिल्या खेळाला जागा कमी पडेल ही भीती बाळगू नये. जुनी कॅसेट उघडून तिच्यातल्या चिपा बदलाव्यात असे अनेकांना वाटते, परंतु आपल्याकडच्या बहुतेक कॅसेटमध्ये चिप म्हणून डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपकाच असतो, तो काढता येत नाही. कोरा बोर्ड घ्यावा, त्यावर २७सी२५६ आणि २७सी६४ या ईप्रॉम चिपा बसवाव्यात. चिपा आणि त्यांच्यात मजकूर लिहिणारे ‘प्रोग्रामर’ हे उपकरण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळते. शिमग्याला किंवा गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्याला चिपांचे क्रमांक कागदावर लिहून द्यावेत, तोंडी सांगू नयेत. ईप्रॉमच्या काचेच्या खिडकीवर अपारदर्शक पट्टी चिकटवावी, कारण अतिनील प्रकाशाने तिच्यातला मजकूर पुसला जातो आणि थेट उन्हात ठेवलेली चिप आठवडाभरात कोरी होऊ शकते.

ज्यांना डाग देणे (सोल्डरिंग) जमत नाही त्यांनी मेमरी कार्ड घालता येणारी तयार कॅसेट घ्यावी. ती महाग असते, पण चाचणीसाठी वेळ फार वाचतो.

हे कायदेशीर आहे का?

स्वतः लिहिलेला प्रोग्राम, स्वतः काढलेली चित्रे आणि स्वतः रचलेले संगीत तुमचेच असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने संगणक प्रोग्रामलाही वाङ्मयीन कृतीप्रमाणे संरक्षण दिले आहे, आणि तो तुमच्या खेळाला जसा लागू होतो तसाच जुन्या कंपन्यांच्या खेळांनाही होतो. म्हणून दुसऱ्याच्या खेळातले पात्र, चित्र किंवा धून उचलू नये आणि कॅसेटच्या वेष्टनावर कंपनीचे बोधचिन्ह छापू नये. खेळ विकण्याचा विचार असेल तर वापरलेल्या प्रत्येक मोफत साधनाचा परवाना आधी वाचावा.

पहिला खेळ पुरा व्हायला किती दिवस लागतात?

रोज तास-दीड तास बसणाऱ्याला एका पडद्याचा खेळ तीन-चार महिन्यांत होतो, असा माझा अनुभव आहे. येथे ‘एका पडद्याचा’ या शब्दावर भर आहे. सरकणारा पडदा, आठ पातळ्या आणि शेवटी राक्षस, असा बेत करून बसलेल्यांचे खेळ मी पुरे झालेले पाहिलेले नाहीत. एक होडी, एक गळ, चार मासे, आणि वेळ संपला की गुण, एवढे आधी पुरे करावे.

जुलैत वीज सारखी जाते. काम कसे वाचवावे?

खेळाचा सगळा मजकूर एका मेगाबाइटच्याही आत असतो, त्यामुळे दिवसाच्या शेवटी तारखेच्या नावाचा फोल्डर करून पेन ड्राइव्हवर उतरवणे हा दोन मिनिटांचा उद्योग आहे. ज्यांना ‘गिट’ हे बदलांची नोंद ठेवणारे साधन वापरता येते त्यांनी ते वापरावे. चिप लिहिण्याचे काम मात्र वादळी दिवशी इन्व्हर्टर नसताना हाती घेऊ नये, आणि विजा चमकू लागल्या की टीव्हीची अँटेना आणि यंत्राचा अ‍ॅडॉप्टर दोन्ही काढून ठेवावेत.